सव्वीस मैलावरचा फोन

“डोकी खाली,” आप्पा म्हणाले.

आम्ही चौघांनी डोकी गुडघ्यांत घातली आणि होडी पुलाच्या कमानीखाली शिरली. आत अंधार होता, पाकोळ्यांची घरटी होती आणि शंभर वर्षं भिजत पडलेल्या दगडांचा वास होता. पलीकडे उजेडात बाहेर पडलो तेव्हा आप्पांनी डोकं वर काढायच्या आधी वही वर काढली.

“पूल बावीस,” ते लिहिता लिहिता म्हणाले. “कमानीचे दोन दगड सुटलेले.”

“बहीण तिकडं शेवटचे श्वास मोजतीय,” आई म्हणाली, “आणि तुम्ही दगड मोजा.”

“हा तपासणी दौरा आहे. तपासणी केली नाही तर होडीचा खाजगी वापर होतो.”

आईने छत्री उघडली. माझी थोरली बहीण कुसुमताई डालड्याच्या डब्याने होडीतलं पाणी बाहेर फेकत होती. ती पंधरा दिवस विश्रांतीसाठी माहेरी आली होती.

होडी पत्र्याची होती. इंग्रजांनी दुष्काळी कामावर हातणी कालवा खणून घेतला तेव्हाची. गोरा साहेब मडमेला घेऊन तिच्यातून कालवा बघायला जायचा म्हणे. साहेब गेले, होडी रजिस्टरात राहिली आणि रजिस्टराच्या बाहेर तिच्यात आमच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्या सकाळी आम्ही ती पाण्यात लोटली तेव्हा एक कोंबडी उतरायला तयार नव्हती. तिच्या दृष्टीने प्रवासी आम्हीच होतो.

आप्पा म्हणजे माझे वडील, ज्ञानोबा फडतरे. वीस मैल चौकीवरचे कालवा निरीक्षक. कालवा अडतीस मैलांचा. मुखाशी मोरदरा, तिथे दरवाजे. अडतिसाव्या मैलाला कुरणवाडी, तिला सगळे टेल म्हणत. देशात किलोमीटर येऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण कालवा मैलांतच वाहत होता. चौक्यांना जोडणारी खात्याची टेलिफोनची तार होती. काळं डबडं, त्याला दांडा. दांडा गरागरा फिरवला की दुसऱ्या चौकीत घंटा वाजायची आणि भजी तळल्यासारख्या आवाजातून माणसाचा आवाज शोधून काढायचा.

त्या दिवशी पहाटे ती घंटा वाजली. टेलच्या चौकीतून माझा आतेभाऊ भानुदास बोलत होता.

“मामा, आईचं आता काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. ती तुम्हाला बोलावतीय. मामीला, ताईला, विलासला, सगळ्यांना. म्हणतीय, त्याला म्हणावं, माझा एक तास राहिलाय त्याच्याकडं.”

आप्पांनी रिसीव्हर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले. सोनाआत्या बारा वर्षं आमच्याशी बोलत नव्हती.

बारा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिची मोसंबीची बाग फळाला आलेली होती. पाण्याची पाळी संपायची वेळ झाली तेव्हा निम्मी बाग भिजायची राहिली होती. त्या उन्हाळ्यात टेलचं काम आप्पांकडे होतं. आत्याने भावाकडे एक तास मागितला. “नियमात बसत नाही,” म्हणून आप्पांनी सख्ख्या बहिणीचं पाणी घड्याळात बघून बंद केलं. बाग जळाली. आत्याचे यजमान मुंबईला रखवालदारीला गेले ते परत आले नाहीत. आत्या आमच्या दारात येऊन म्हणाली होती, “मरताना तुझ्या हातचं पाणीसुद्धा नको मला.” मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि मरताना पाणी पाजतात हे मला त्या दिवशी कळलं.

आणि आता तीच बोलावत होती.

अडचण एवढीच होती की जायला वाट नव्हती. टेलला पुरेसं पाणी मिळत नाही म्हणून गावांनी तीन दिवस रास्ता रोको केला होता. एसटी बंद. साहेबांची जीप येऊ नये म्हणून कालव्याकाठची वाटही चार ठिकाणी खणून ठेवलेली. आप्पा एरवी अठरा मैल चालत गेले असते, त्यांचं आयुष्य चालण्यातच गेलं होतं. पण चारच दिवसांपूर्वी तालुक्याच्या डॉक्टरने त्यांच्या तळपायाचं कुरूप कापून काढलं होतं आणि पायाला बँडेजचा एवढा मोठा गोळा बांधला होता की त्याला वेगळं तिकीट लागलं असतं.

उरला कालवा. कालव्यात पाणी होतं. दुपारी बारापर्यंत.

आप्पांनी आधी रजेचा अर्ज लिहिला. मग रजेवरच्या माणसाला खात्याची होडी वापरता येत नाही हे लक्षात आलं, म्हणून तो फाडून तपासणीचा आदेश लिहिला. देणारे फडतरे, घेणारे फडतरे. स्वतःला आदेश देताना त्यांनी ‘तात्काळ’ या शब्दाखाली रेघ मारली.

आईने देवघरातला गंगेचा गडू आणला. आप्पांनी तो परत ठेवायला लावला. कोरा तांब्या घेतला, वाकून कालव्यातून भरला आणि तोंडाला फडकं बांधून ताईच्या मांडीवर दिला. “सांडू नको,” एवढंच म्हणाले.

मग हिशोब सांगितला. आवर्तन, म्हणजे या खेपेचं पाणी, बाराला संपतं. बाराच्या ठोक्याला मोरदऱ्याचा म्हाळू गेजगे दरवाजे पाडून पाणी बंद करणार. त्यानंतर चार तासांनी टेलचं पाणी उतरायला लागतं. आपण दोनला पोचतो. दोन तास हातचे.

ते हातचे दोन तास बाविसाव्या मैलालाच गेले. तिथे कालवा ओढ्यावरून दगडी पुलातून जातो. त्या पुलाच्या तोंडाशी जलपर्णी अशी दाटली होती की तिच्यावर एक बगळा चालत होता. मी कमरेइतक्या पाण्यात उतरून ती उपसत राहिलो. आप्पा होडीत बसून वहीत लिहीत होते.

“काय लिहिताय?” आईने विचारलं.

“जलपर्णी काढण्याचे काम प्रगतिपथावर.”

“किती मजूर लावलेत ते पण लिहा,” मी पाण्यातून म्हणालो.

“एक. अकुशल,” आप्पा म्हणाले.

त्यांनी विनोद केला होता की नाही हे आम्हा तिघांनाही कळलं नाही. घरातला तो एकमेव विनोद असल्यामुळे तुलना करायला काही नव्हतं.

पंचविसाव्या मैलाच्या पुलावर पन्नासेक माणसं होती. त्यांनी वरून दोर टाकून होडी अडवली. तीन दिवस ते साहेबाची वाट बघत होते आणि तीन दिवसांनी त्यांच्यासमोर पाण्यातून एक कुटुंब आलं. माझी आई छत्री उघडून बसली होती.

“आमच्या रानात प्यायला पाणी नाही,” एकजण वरून म्हणाला, “आणि हे सहलीला निघालेत.”

“तपासणी दौरा आहे,” आप्पा म्हणाले.

“बायकापोरांसकट?”

आप्पांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगायची सवय नव्हती.  आई सांगू लागली, तिचं कुणी ऐकेना. कुणी म्हणालं, होडी जप्त करा. कुणी म्हणालं, आधी पंचनामा करा. पंचनाम्यासाठी कागद आणायला कुणीतरी गावात गेला. तो कागद घेऊन आला तोवर पाऊण तास झाला होता. मग पेन नव्हतं. आप्पांनी स्वतःचं दिलं.

तेवढ्यात एक म्हातारा कठड्यावरून वाकला. “अरे, हा तर वीस मैलाचा फडतरे. सख्ख्या बहिणीची बाग जाळली ह्यानं तासासाठी. ह्याला अडवून काय पाणी मिळणार? सोडा त्याला.”

दोर वर गेला. आप्पांनी मान खाली घातली. पूल यायला अजून दोन हात होते. पेन तिथेच राहिलं.

सव्विसाव्या मैलाच्या चौकीला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. चौकीतला पाणी सोडणारा पाटकरी रास्ता रोकोला गेला होता, त्याचंही शेत टेललाच होतं. चौकी उघडीच. आईने काठावरच्या लिंबाखाली भाकऱ्या सोडल्या. आप्पा ताईच्या काजळपेन्सिलीने वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करत बसले.

“पाऊण तास कमी पडतो,” ते शेवटी म्हणाले.

“आप्पा, म्हाळूमामाला फोन करा की,” ताई म्हणाली. “तासभर चालू ठेव म्हणावं. ते काय नाही म्हणणारेत तुम्हाला?”

“नियमात बसत नाही.”

“बारा वर्षांनीसुद्धा नाही बसत?” आईने विचारलं.

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच धरला.

मी पाण्याचा डबा घेऊन उठलो आणि चौकीत गेलो. भिंतीवर फोन होता.

इथे एक सांगायला हवं. मला आप्पांचा आवाज काढता यायचा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलो होतो तेव्हा अंगात एवढाच गुण होता. अवघड काही नव्हतं. दोनदा खाकरायचं, ‘फडतरे बोलतोय, वीस मैल’ म्हणायचं आणि पुढचं सगळं सरकारी पत्र वाचल्यासारखं बोलायचं. गेल्या शिमग्याला मी याच आवाजात म्हाळूमामाला फोन करून सांगितलं होतं, दिल्लीहून पथक येतंय, दरवाज्यांना हार घालून ठेव. म्हाळूमामा हार घालून तीन तास उन्हात उभा होता. शिक्षा म्हणून आप्पांनी मला माफी मागायला वीस मैल चालत पाठवलं. म्हाळूमामाने हसून चहा पाजला होता. “पुन्हा केलंस तर मात्र कान उपटीन,” असंही म्हणाला होता.

मी दांडा फिरवला. खाकरलो. दोनदा.

“फडतरे बोलतोय. सव्वीस मैल चौकीवरून.”

“बोला, आप्पा.”

“म्हाळू, माझी बहीण अत्यवस्थ आहे. आम्ही होडीने टेलला निघालो आहोत. सबब, दरवाजे दोन तास उशिरा पाडावेत.” मागायचंच तर एक कशाला, असा माझा विचार.

पलीकडे बराच वेळ भजी तळत राहिली.

“दोन तास,” म्हाळूमामा म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच लागला होता. “ठेवतो, आप्पा. काळजी करू नका. सावकाश जावा.”

मी डबा भरून बाहेर आलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा काहीतरी उपयोग झाला होता आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. मी भाकरी खाऊ लागलो. दोन खाल्ल्या.

आप्पा काठी टेकत उठले. “गेज बघून येतो,” म्हणाले आणि लंगडत चौकीत गेले.

पाण्याची पट्टी, म्हणजे गेज, बाहेर कालव्यात होती. मला ते तेव्हा सुचलं नाही. आतून दांडा फिरवल्याचा आवाज आला, तेव्हा मात्र तिसऱ्या भाकरीकडे गेलेला हात मी मागे घेतला. म्हाळूमामा काही बोलला तर? थोड्या वेळाने पुन्हा दांडा फिरला. मग पुन्हा. पुष्कळ वेळ फिरत होता. मग थांबला.

आप्पा बाहेर आले. नोटीस फाडून काढल्यावर भिंत दिसते तसा त्यांचा चेहरा झाला होता. पण मला काही म्हणाले नाहीत. म्हणजे म्हाळूमामा बोलला नसावा. मी तिसरी भाकरी घेतली.

“विलास.”

“काय आप्पा?”

“माझा आवाज चांगला काढतोस म्हणे.”

 ताई माझ्याकडे बघू लागली, आई आप्पांकडे.

“काढ बघू.”

“आत्ता?”

“आत्ता.”

मी खाकरलो. “फडतरे बोलतोय, वीस मैल. सदर बाब नियमात बसत नाही. तरी आपण पुन्हा अर्ज करू नये, ही विनंती.”

ताईला हसू आवरेना. आईने पदर तोंडाला लावला आणि डोळे पुसल्यासारखं केलं. आप्पा मात्र तक्रार ऐकून घ्यावी तसे मान कलती करून ऐकत होते.

“असाच बोलतो मी?”

“थोडं वाढवून काढतो मी, आप्पा.”

“नाही,” ते म्हणाले. “बरोबर आहे. असाच बोलतो.”

मग त्यांनी स्वतः बांबू हातात घेतला. “आवरा. निघायचं.”

“जेवा तरी,” आई म्हणाली.

“निघायचं.”

पुढचे दहा मैल मी होडीच्या एका टोकाला आणि आप्पा दुसऱ्या टोकाला, दोघं तळाला बांबू रोवून होडी रेटत होतो. आप्पा दुखऱ्या पायावर जोर देत होते आणि बँडेज लाल होत चाललं होतं. बांधाचे निखळलेले दगड मागे गेले, तुटक्या झडपा मागे गेल्या, एका ठिकाणी तर सरळ सरळ भगदाड होतं. वही त्यांच्या खिशातच राहिली.

“आप्पा, इतकी घाई नको,” मी एकदा म्हणालो. “पाणी पुरेल. माझं मन सांगतंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

“नाही पुरणार, पोरा,” ते म्हणाले.

त्यांनी मला कधी पोरा म्हटलं नव्हतं. नावाने हाक मारायचे, रागात असले तर आडनावाने.

तीन वाजता काठाच्या दगडांवर ओल्या पट्ट्या दिसू लागल्या. पाणी उतरत होतं. मी मनातल्या मनात हिशोब केला, तो जमेना. दोन तास वाढवले असते तर अजून तीन तास काही व्हायला नको होतं. मी पुन्हा केला. ताई डब्याने पाणी बाहेर टाकायची थांबली, कारण आता बाहेरच कमी होतं. छत्तिसाव्या मैलाला होडीचा तळ चिखलाला लागला, पुढे सरकला, लागला आणि बसला. आजूबाजूला चार बोटं पाण्यात मासे उताणे होत होते. कालव्याच्या मधोमध आम्ही चौघं सरकारी होडीत बसलो होतो आणि काठावर एक म्हैस उभी राहून आमच्याकडे बघत होती.

मी म्हाळू गेजगेला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. तोंडावर हो म्हणणारा माणूस, वगैरे.

“अजून दोन मैल,” आप्पा म्हणाले आणि होडीतून उतरायला लागले. बँडेजचा पाय चिखलात गेला, तो त्यांना वर काढता येईना.

मी त्यांच्यासमोर पाठ करून वाकलो. “बसा.”

“नको.”

“आप्पा, बसा. तपासणी वरून जास्त चांगली होते.”

ते बसले. माझ्या बापाचं वजन मला त्या दिवशी कळलं. ते फार नव्हतं. बांधावर चढेपर्यंत माझा एक जोडा चिखलात राहिला, दुसरा मी फेकून दिला. मागून आई, तिच्यामागून तांब्या दोन्ही हातांत धरून ताई. सबंध वाटेत आप्पा मानेजवळ एवढंच बोलत होते, “डावीकडून. तिथं दगड निखळलाय. आता उजवीकडून. इथं निसरडं असतं.” बारा वर्षं त्या मैलात ते गेले नव्हते. एकही दगड चुकला नाही.

आत्याच्या घरासमोर माणसं बसलेली दिसली. बसण्याच्या पद्धतीवरूनच कळलं. मी थांबलो तर आप्पांनी गुडघ्याने माझ्या बरगडीला ढोसलं, चल म्हणून.

भानुदास उठून समोर आला. 

“पाऊण तास झाला, मामा,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत शुद्धीत होती. सारखी विचारत होती, पाणी कुठवर आलं.”

मी आप्पांना तिच्या उशाशी उतरवलं. आत्या ओळखू येत नव्हती, फक्त नाक आप्पांचं होतं. आप्पांनी ताईकडून तांब्या घेतला, फडकं सोडलं, चमचा मागितला. कुणीतरी म्हणालं, आता काय उपयोग. भानुदासने त्याला गप्प केलं. आप्पांनी एक चमचा पाणी तिच्या ओठांत घातलं. ते गालावरून खाली आलं. त्यांनी ते धोतराने पुसलं आणि दुसरा चमचा घातला. जेवढं घालत तेवढं बाहेर येत होतं. ते पुसत होते आणि घालत होते. तांब्या रिकामा होईपर्यंत कुणी त्यांना उठवलं नाही. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

त्यानंतर आप्पांनी आठ वर्षं नोकरी केली आणि सात वर्षं पेन्शन घेतली. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मी त्यांचा आवाज काढणं सोडलं. कुणी ठरवून सोडायला लावलं नाही, खाकरलं की पुढचं यायचंच नाही.

गेल्या महिन्यात ते गेले. दहाव्याला नदीवर म्हाळूमामा आला होता. आता सत्तरी ओलांडलेला, हातात काठी, डोळ्याला जाड काच. मी त्याच्याशी पंधरा वर्षं बोललो नव्हतो. खोटारडा माणूस म्हणून माझ्या डोक्यात तो पक्का बसला होता. मुंडण करून मी घाटावर बसलो होतो, तर तो येऊन शेजारी टेकला.

“बापासारखा दिसाय लागलास,” तो म्हणाला. “आवाज काढतोस का अजून?”

“नाही, मामा.”

“बरं केलंस. लई घोटाळा केलावतास बघ तू त्या वेळी. सोनाक्का गेली त्या दिवशी. दोन-दोनदा फोन करून.”

“दोनदा?”

“विसरलास व्हय? मी नाही विसरलो.” तो नदीकडे बघत बोलत होता, मजेत. “पहिला फोन असा झकास, मी पार फसलो. म्हटलं, हा माणूस जन्मात पहिल्यांदा काय तर मागतोय, तेबी बहिणीसाठी. दोन नाही, चार तास ठेवीन. नोकरी गेली तर गेली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं नाही सांगत. अन् पाच-दहा मिनिटांनी परत घंटा. परत तूच. आता म्हणतोस, एक तास.”

 घाटावर भटजी कुणाला तरी दर्भ नीट धरायला सांगत होते.

“मी म्हटलं, आप्पा, आत्ताच तर दोन दिले की. तर तिकडं गप्प. नुसता श्वास. मग म्हणतोस, ‘म्हाळू, मी आजवर कधी काही मागितलं नाही.’ अन् आवाज कसा तर रडका, कापरा. तिथंच पकडला तुला. फडतऱ्याचा आवाज असा कुणी ऐकलाय का कधी?”

“मग?”

“मग काय. तोंड सोडलं तुझ्यावर. म्हटलं, पोरा, बापाची अब्रू घालवतोस. तुझा बाप बहीण मेली तरी असा भीक मागणार नाही. आपटला फोन अन् गेलो दरवाजे पाडायला. बाराबी वाजू दिले नाहीत. मागनं घंटा वाजत होती, वाजत होती. उचललाच नाही.” त्याने काठी दगडावर दोनदा हलकेच आपटली. “सोनाक्काचं खरंच होतं हे चार दिवसांनी कळलं. वाईट वाटलं मला. आप्पाकडं गेलो, म्हटलं, असं असं झालं, तुमच्या पोरानं फोन केलावता, मला खोटं वाटलं. तर मला म्हणतो, ‘म्हाळू, तू बरोबर केलंस.’ असा माणूस. आता नाही व्हायचा.”

“नाही,” मी म्हणालो.

पाणी संथ होतं. मला चौकीतून येणारा तो दांड्याचा आवाज ऐकू येत होता. गेज बाहेर होती.

म्हाळूमामाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“पण खरं सांगू का, पहिला फोन हुबेहूब होता. तुझ्या आईलाबी कळला नसता. दुसऱ्या खेपेला मात्र नाही जमलं तुला.”

“नाही जमलं, मामा,” मी म्हणालो.